हार्बरवरची शेवटची डीसी रात्र

9 एप्रिल 2016 च्या रात्री मुंबईच्या हार्बर लाइनवरची शेवटची डीसी (एकदिश प्रवाहावरची) लोकल कुर्ल्याहून निघून सीएसटीला लागली आणि वरच्या विजेच्या तारांवर काम करणाऱ्या आम्हाला पॉवर ब्लॉक, म्हणजे वीज बंद ठेवून काम करायचा वेळ, मिळाला. याच हार्बरवर 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली होती. पश्चिम रेल्वे 2012 मध्येच 25 हजार व्होल्ट एसीवर (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर) गेली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन 2015 मध्ये. 1500 व्होल्ट डीसी आता हार्बरवरच उरला होता, आणि त्या रात्री तोही एसीवर न्यायचा होता.

हा खटाटोप का, ते साध्या हिशेबात कळतं. गाडीला तीन मेगावॉट लागले, तर 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर ओढावे लागतात, 25 हजारांवर फक्त 120. म्हणून डीसीला जाड तांबं लागतं आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. 25 हजार व्होल्टच्या एसीला तारेभोवती मोकळी जागा लागते. चालू तारेपासून दोन मीटरच्या आत कोणी यायचं नाही. दक्षिण मुंबईतल्या बुटक्या पुलांनी म्हणूनच वर्षानुवर्षं छळलं. पूल उचला, नाहीतर रूळ खाली घ्या. आणि रूळ खाली घेतला की पावसात तिथे पाणी साचतं. इन्सुलेटर बदलणं, सिग्नलचे ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारे) दोन्ही प्रवाहांत चुकणार नाहीत असे बसवणं, ही कामं आधीच रात्रीच्या ब्लॉकमध्ये उरकलेली होती.

त्या रात्रीचा क्रम कडक होता. सबस्टेशनचे ब्रेकर उघडून वीज तोडली, आयसोलेटर (लाइन वेगळी करणारे स्विच) उघडून कुलूप घातलं. मग तारेत उरलेली वीज रुळात उतरवणारा डिस्चार्ज रॉड: क्लॅम्प आधी रुळाला, हूक नंतर तारेला, काढताना बरोबर उलट. हा क्रम चुकला तर रॉड धरणाऱ्याचा जीव जातो, म्हणून नव्या माणसाकडून तो मोठ्याने म्हणवून घेतात आणि ते योग्यच आहे.

खरी धास्ती डीसी फीडरच्या जंपरची, म्हणजे सबस्टेशनची वीज वरच्या तारेला जोडणाऱ्या तुकड्यांची. एकही जोडलेला राहिला, तर 25 हजार व्होल्ट थेट 1500 व्होल्टच्या सबस्टेशनात शिरणार. त्यामुळे कागदावरच्या खुणेवर भागत नाही. टॉवर वॅगनवरून (तारांपर्यंत पोचवणाऱ्या उंच मचाणाच्या गाडीवरून) प्रत्येक सुटलेलं टोक डोळ्यांनी पाहायचं, मग टीपीसीला, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, कळवायचं. त्यानंतर एसीचे जंपर जोडले, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासलं, लावलेले सगळे डिस्चार्ज रॉड मोजून काढले, माणसं बाजूला झाल्याची खात्री केली आणि लाइन चार्ज केली.

चाचणीची गाडी पुलांखालून सावकाश नेली. पँटोग्राफ (गाडीच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा) तारेला सलग टेकतोय का आणि पुलाच्या गर्डरकडे ठिणगी उडत नाही ना, एवढंच पाहायचं होतं. दोन्ही ठीक निघालं तेव्हा कंट्रोलला लाइन परत दिली.