गंज आणि झाकण

सकाळी लाइट गेली, मोबाईल आधीच बंद पडलेला. पोरानं जे भोकाड पसरलं! चौदा महिन्यांचा आहे, दाढा येतायत, हाताला लागेल ते चावतो. अंगणात वेचलेला कापूस तसाच पडलेला आणि मी त्याला कडेवर घेऊन नुसती येरझारा घालतेय.

सासूबाई म्हणाल्या, "त्याले मोबाईल कायले पायजे वं? गंज दे अन् झाकन दे."

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. दिला. चावायला स्वच्छ ओला फडका दिला.

मग तो झाकण काढायचा, आत डोकावायचा, परत ठेवायचा. दरवेळी तेवढ्याच आशेनं. मी हळूच आत एक कांदा टाकला. झाकण उघडल्यावर तो इतका खळखळून हसला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. मी वाचलं होतं. तरी दोन घास जास्त जातात म्हणून रोज मोबाईल समोर धरत आले. ते आज फार लागलं मनाला.

दुपारी लाइट आली. त्यानं आधी चार्जरकडेच बोट दाखवलं. मी गंज पुढे सरकवला.

तुमच्याकडे लेकरं कशात रमतात?