भारताच्या नावावरचे पाच गुण

रविवार, रात्र

हंगाम संपला असून नवा सुरू व्हायला अजून बराच अवकाश आहे. दुपारी भाचा आला होता. त्याला यंदा फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींचा नाद लागला आहे. “मामा, आपल्या भारतीय चालकांनी आजवर किती गुण मिळवले?” असे त्याने विचारले. पाच, असे मी सांगितले. ते कोणत्या शर्यतीत मिळाले, हा त्याचा पुढचा प्रश्न साहजिक होता. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला जमले नाही.

ती शर्यत 19 जून 2005 रोजी इंडियानापोलिस येथे झाली. शुक्रवारच्या सरावात तेराव्या वळणावर टायर निकामी होऊन राल्फ शूमाखरची टोयोटा भिंतीवर आदळली. हे वळण जुन्या लंबवर्तुळाकार ट्रॅकचा भाग असल्यामुळे एका बाजूने उचललेले आहे, गाड्या तेथून पूर्ण वेगाने जात आणि टायरवर विलक्षण ताण येई. आपले टायर तेथे पूर्ण शर्यत टिकतील याची हमी देता येणार नाही, असे मिशेलिन या टायर कंपनीने आपल्या संघांना कळवले. त्या वर्षीच्या नियमांनुसार शर्यतीत टायर बदलायला सहसा परवानगी नव्हती. वळणाआधी वेग कमी करायला लावणारा तात्पुरता अडथळा उभारावा, ही सूचना एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेने फेटाळली. रविवारी वीसही गाड्या फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यतीआधीच्या फेरीला, निघाल्या आणि ती संपताच मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, वळल्या. दुसऱ्या कंपनीचे टायर वापरणाऱ्या फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी या संघांच्या मिळून सहा गाड्या उरल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काहींनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या, कित्येक जण उठून निघून गेले.

त्या सहांपैकी एका जॉर्डनमध्ये नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि चौथ्या क्रमांकाचे पाच गुण भारताच्या खाती जमा झाले. त्या वर्षी मार्चमध्ये मेलबर्नला तो पहिल्यांदा उतरला, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी या रांगेत उभे आहे या जाणिवेनेच ऊर भरून आला होता. इंडियानापोलिसला त्याने आपले काम चोख केले, गाडी शेवटपर्यंत नेली, त्यात तसूभरही कमी नव्हते. ज्या क्षणाची इतकी वाट पाहिली, तो अशा दिवशी यावा याचे दुःख मला आजही होते. भाच्याला हे सांगताना कार्तिकेयनचे मोल कमी होऊ नये, याची मी फार काळजी घेतली.

आवडता संघ हरतो, शेवटच्या लॅपला इंजिन जाते, पिटमध्ये एक नट अडकतो आणि महिन्याची मेहनत वाया जाते. हे सारे खेळाचे अंग आहे आणि मी ते मुकाट्याने सोसतो. शर्यतच होत नाही किंवा तिचा निकाल कागदावर लागतो, तेव्हा मात्र मला संताप आवरत नाही.

29 ऑगस्ट 2021 रोजी बेल्जियममध्ये स्पाला हेच झाले. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची शर्यत पावसामुळे रात्री पावणेदहाच्या पुढे गेली, गाड्या सेफ्टी कारमागून, म्हणजे वेग आवरणाऱ्या पुढच्या गाडीमागून, काही फेऱ्या फिरल्या आणि शर्यत थांबवणारे लाल निशाण पुन्हा लागले. एकाही चालकाने दुसऱ्याला मागे टाकण्याचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता, तरी निकाल जाहीर झाला आणि निम्मे गुण वाटले गेले. पावसात गाड्या सोडायला हव्या होत्या असे मी मुळीच म्हणणार नाही. समोरचे काही दिसत नसताना त्या ट्रॅकवर शर्यत लावणे जिवाशी खेळणे ठरले असते. गुण वाटण्याची गरज नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे. स्पाच्या टेकड्यांवर दिवसभर भिजत बसलेल्या लोकांनी पैसे मोजून नेमके काय पाहिले, याचे उत्तर त्या निकालपत्रकात कोठेही नव्हते. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण देऊ नयेत, असे ठरले. हा बदल योग्यच आहे.

त्याच निम्म्या गुणांमुळे डिसेंबरमध्ये अबू धाबीला हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत विश्वविजेतेपदाचे दोन दावेदार, हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन, 369.5 अशा अपूर्णांकी बरोबरीने उतरले. तेथे अखेरच्या फेरीआधी सेफ्टी कारचे नियम कसे लावले गेले, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मानवी चूक झाल्याचे एफआयएच्या अहवालाने मार्च 2022 मध्ये मान्य केले; व्हर्स्टापेनला विश्वविजेता ठरवणारा निकाल मात्र तसाच राहिला.

आपल्या घरच्या शर्यतीची कहाणी मला याहून अधिक लागते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा खरोखर उत्तम ट्रॅक आहे. चालकांनीही त्याची तारीफ केली होती. 2011, 2012 आणि 2013 अशा तीन शर्यती तेथे झाल्या, तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन वेटेलने जिंकल्या आणि तिसरीतच त्याचे चौथे विश्वविजेतेपद निश्चित झाले. मग कर, सीमाशुल्क आणि न्यायालयीन वाद यांत सारे अडकले. राज्य सरकारने शर्यतीला करमणूक मानून कर लावला, आणि 2014 पासून वेळापत्रकातून भारत गेला तो गेलाच. 2023 मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत तेथे आली, तेव्हा पुन्हा आशा वाटली. पण तिची 2024 ची शर्यत रद्द झाली.

ट्रॅक हाताशी असूनही आपल्या मुलांना युरोप गाठावा लागतो. कोल्हापुरात कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा, ट्रॅक आहे आणि तेथून राष्ट्रीय पातळीवरचे चालक घडले आहेत. पण त्यापुढची प्रत्येक पायरी परदेशात आहे आणि तिचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, शर्यती जिंकून दाखवल्या, तरी फॉर्म्युला वनची जागा त्याला मिळाली नाही. म्हणून गुणांचा आकडा अजून पाचच आहे. जागतिक शर्यत परत येईल तेव्हा येईल. तोवर बुद्ध सर्किटवर लहान गटांच्या शर्यती नियमित व्हाव्यात, होतकरू मुलांना तेथे स्वस्तात सराव मिळावा आणि सरकारांनी या खेळाला खेळ म्हणून मान्यता देऊन करांचा प्रश्न एकदाचा निकालात काढावा, असे मला मनापासून वाटते.