लाड हार्टचे, राबतात मात्र दुसरेच

हार्टचे फार लाड होतात बुवा. इमोजी त्याचा, कविता त्याच्यावर, छातीत जरा कळ आली की आख्खं घर जागं. आता काम मोठं आहेच, नाही कोण म्हणतंय, मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलायचं आणि दिवसाला लाखभर ठोके मारायचे, तेही सुट्टी न घेता. त्याची एक गोष्ट मात्र मला खरंच भारी वाटते, ती म्हणजे ठोक्याचा सिग्नल मेंदूकडून येतच नाही. हार्टच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत काही पेशी असतात, त्याच करंट तयार करतात, मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. म्हणून तर ट्रान्सप्लांटमध्ये सगळ्या नसा तुटलेल्या असल्या तरी ते नव्या छातीत धडधडायला लागतं.

मेंदूचं तर बोलायलाच नको. वजन शरीराच्या २ टक्के आणि ऑक्सिजन खाणार २० टक्के, झोपेत असलो तरी. फुप्फुसांबद्दल एवढंच सांगते की डावं उजव्यापेक्षा लहान असतं, उजव्याचे तीन भाग आणि डाव्याचे दोन, कारण तिथेही हार्टला जागा करून द्यायला लागते. बघा म्हणजे.

मला बोलायचंय ते लिव्हर आणि किडनीबद्दल. रिपोर्ट हातात आला की सगळे आधी शुगर आणि कोलेस्टेरॉल बघतात, लिव्हरची खबर देणारं एसजीपीटी आणि किडनीची देणारं क्रिएटिनिन, या ओळींवरून नजर नुसती घसरत जाते.

लिव्हर म्हणजे उजव्या बरगड्यांखाली बसलेला दीड किलोचा ऐवज. आतड्यातून शोषलेलं बरंचसं अन्न रक्तातून आधी त्याच्याकडे जातं आणि मग बाकी शरीराकडे. जास्तीची साखर साठवून ठेवायची, उपाशी राहिलो की सोडायची, पित्त बनवायचं, रक्त गोठायला लागणारी बरीचशी प्रोटीन्स बनवायची, औषधं मोडायची, यादी संपतच नाही. प्रोटीन पचवताना अमोनिया तयार होतो, तो मेंदूला घातक, तर लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं आणि किडनी तो युरिया बाहेर काढते. एकाने केलं नाही तर दुसऱ्याला करता येत नाही, अशी जोडी आहे ही. आणि कापून मोठा तुकडा काढला तरी उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत बऱ्यापैकी मूळच्या आकाराला येतं, म्हणूनच जिवंत माणूस लिव्हरचा भाग दान करू शकतो.

आता किडनी, माझी सगळ्यात आवडती. एकेक जेमतेम दीडशे ग्रॅमची, पण हार्ट जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा या दोघींकडेच जातो. प्रत्येकीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, तिथे रक्त दाबाने गाळलं जातं. दिवसाला किती? १८० लिटर! आणि लघवी होते दीड-दोन लिटर. मग बाकीचं गेलं कुठे तर पुढच्या नळीत परत ओढून घेतलं. म्हणजे कपाट आवरताना आपण कसं आधी सगळं पलंगावर काढतो आणि हवं ते परत आत ठेवतो, तीच पद्धत. कचरा वेचत बसण्यापेक्षा सगळंच बाहेर काढा, मग पाणी, मीठ, साखर मोजून आत घ्या. साखर तर नॉर्मली सगळीच परत घेतली जाते, पण रक्तातली शुगर १८० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आसपास वर गेली की नळीला झेपत नाही आणि ती लघवीत उतरते.

एवढ्यावर भागत नाही. बीपी सांभाळायला रेनिन सोडायचं, ड जीवनसत्त्व कामाचं करायचं, आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडला तर एरिथ्रोपोएटिन सोडून हाडांतल्या मगजाला लाल पेशी वाढवायला सांगायचं. म्हणून किडनी बिघडली की माणूस फिकट दिसायला लागतो, लोकांना वाटतं अशक्तपणा आहे, टॉनिक घेतलं की होईल बरं.

वाईट एवढंच की ही दोघं बोलत नाहीत. किडनीचं निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन कधी कधी नॉर्मलच दिसतं, दुखत तर काहीच नाही. म्हणून बीपी किंवा डायबेटिस असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन तपासायला सांगतात, ते बऱ्याचदा आधी कळतं. साधी टेस्ट आहे, करून टाका.

आणि हो, किडनी ट्रान्सप्लांट करताना जुन्या किडन्या सहसा काढतच नाहीत. त्या आपल्या पाठीमागे तशाच राहतात आणि नवी पुढे ओटीपोटात बसवतात, म्हणजे त्या माणसाच्या पोटात तीन. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं, तेव्हापासून नवीचा पत्ता हाच, ओटीपोट.