तुम्ही विचारलंत म्हणून : कृपाबाईंची इंग्रजी

कृपाबाई सत्यनाथन यांच्याविषयी बोलणे झाले की कोणीतरी विचारतेच : नगरच्या मराठी घरात जन्मलेल्या या बाईंनी कादंबऱ्या इंग्रजीत का लिहिल्या? मला याचे उत्तर त्यांच्या बालपणात दिसते.

त्यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती ब्राह्मण होते आणि त्यांनी तेथील अमेरिकन मिशनमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. (खिस्ती हे आडनाव धर्मांतरामुळे पडले, असा अनेकांचा समज असतो, ते मूळचेच आहे.) आई राधाबाई मात्र सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या होत्या आणि पतीच्या निर्णयाने त्यांचे सारे जग उलटेपालटे झाले. 'सगुणा' या आत्मचरित्रात्मक कादंबरीची सुरुवात कृपाबाईंनी स्वतःपासून केली नाही, आईच्या बालपणापासून आणि सासुरवासापासून केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण जे घर त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते, ते त्यांच्यापर्यंत आईच्या आठवणींतून, म्हणजे मराठीतूनच, पोहोचले असणार.

वडील लवकर गेले. चौदा भावंडांच्या त्या घरात कृपाबाईंच्या मनाला आकार दिला तो थोरल्या भावाने, भास्करने. पुस्तके, डोंगरातली भटकंती आणि मुलीशी बरोबरीच्या नात्याने केलेला विचारविनिमय हे सारे त्यांना या भावाकडून मिळाले, आणि तोही तरुणपणीच वारला. इंग्रजी पुस्तके त्यांच्या वाट्याला आली ती अशी, घरच्या मायेतून. म्हणून ती भाषा त्यांना परकी वाटली नसावी, असे मी मानते.

पुढे मुंबईच्या मिशन शाळेत शिक्षण झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची संधी चालून आली होती, पण प्रकृती नाजूक असल्यामुळे तो बेत सोडावा लागला आणि १८७८ साली त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. पहिल्या वर्षी उत्तम यश मिळवूनही तब्येत ढासळल्याने त्यांना ते शिक्षण अर्धवट टाकून पुण्याला बहिणीकडे परतावे लागले. १८८३ साली सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे आयुष्य मद्रास इलाख्यात गेले, जिथे मराठी वाचणारा शेजार विरळाच. 'सगुणा' प्रथम मद्रासच्या एका इंग्रजी मासिकातच क्रमशः आली.

१८९४ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या इंग्रजी वाक्यांतून मला आजही राधाबाईंचे माजघर दिसते.