ठाण्यातल्या नथींसाठी यिवूचे मोती : आमची वाटचाल

नथीतल्या मोत्याचं पाणी सगळ्यांना दिसतं, त्याचं भोक कसं आहे ते मात्र नथ बांधणाऱ्या बाईलाच कळतं. 28 गेजची, म्हणजे अगदी बारीक, तार एकाच मोत्यातून बऱ्याचदा दोनदा न्यावी लागते. भोक बारीक असेल तर दुसऱ्या फेरीला तार अडते, जोर लावला की मोती तडकतो, आणि तोवर निम्मी नथ बांधून झालेली असते.

ठाण्यात नौपाड्याला आमचं दुकान. नथ, कुडी, चिंचपेटी, तन्मणी असे दागिने घरी बसून करणाऱ्या बायकांना लागणारं सामान आम्ही विकतो. कळवा, ऐरोली, डोंबिवली, पार बदलापूरहून बायका येतात. दुपारची कामं आटोपून, मुलं शाळेतून यायच्या आत परत जायचं अशा घाईत. सुरुवातीला माल मुंबईहूनच यायचा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणि भुलेश्वरहून. तिथले व्यापारी सचोटीचे, उधारीही सांभाळून घेत. पण "ताई, मागच्या वेळचेच मोती द्या, तन्मणीचे दोन सर राहिलेत" असं कोणी म्हटलं की आमचे हात बांधलेले. लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, संपला, नवा आला, त्यात पिवळसर झाक. अर्धवट राहिलेला तन्मणी घेऊन समोर उभ्या असलेल्या बाईला हे सांगायचं माझ्या फार जिवावर येई. माल जिथून निघतो तिथे जायचं, हे त्यातूनच ठरलं.

आधी कागद. परदेशातून माल आणायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, फी 500 रुपये, आणि नंबर म्हणजे आपला पॅनच. पुढे दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. हे सगळं घरच्यांनी पाहिलं. मी मालाच्या मागे लागले.

यिवू हे चीनच्या झेजियांग प्रांतातलं शहर. तिथला बाजार अंगावर येतो. पाच विभाग, सुमारे 75 हजार गाळे. पहिल्या विभागात खालच्या मजल्यावर खेळणी आणि कृत्रिम फुलं, वर गेलं की दागिने आणि दागिन्यांचं सुटं सामान. गाळा छोटासा, भिंतभर नमुने टांगलेले, माल कुठेतरी दूर कारखान्यात. या गावचे लोक पूर्वी खांद्यावर कावड घेऊन खेड्यापाड्यांत फिरत, गूळसाखर देऊन कोंबडीची पिसं घेत. आपल्याकडची बोहारीण जुन्या साड्यांवर भांडी देते, तसाच हा व्यवहार. 1982 साली तिथे बाजाराला रीतसर परवानगी मिळाली आणि त्यातून हे एवढं उभं राहिलं. धंद्याची सुरुवात डोक्यावरच्या पाटीपासूनही होते, हे मला तिथे फार पटलं.

भाषेची अडचण वाटली तेवढी आली नाही. भाव कॅल्क्युलेटरवर, बाकीचं फोनमधल्या भाषांतरावर. आणि माझ्या पर्समध्ये ठाण्याहून नेलेलं 28 गेजच्या तारेचं रीळ होतंच. गाळ्यावर बसायचं, समोर आलेल्या लडीतले मधलेच आठ-दहा मोती सोडवायला लावायचे आणि तार दुहेरी करून एकेका मोत्यातून घालायची. ज्यातून अलगद गेली तो लॉट, अडली तर पुढचा गाळा. एक गाळेवाली बाई हे बघून स्वतःच आत गेली आणि मोठ्या भोकाचा नमुना घेऊन आली. नंतर तिने ऑर्डरच्या कागदावर भोकाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून दिलं. आजही आमच्या ऑर्डरमध्ये मोत्याच्या आकारासोबत भोकाचं माप असतंच.

हे काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या मोत्यांचं झालं. खऱ्या मोत्यांसाठी यिवूच्या अलीकडे, हांगझौच्या रेल्वेमार्गावर जूजी हे शहर लागतं. त्याच्या शानशियाहू गावात गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा मोठा बाजार आहे. तिथे एकाच शिंपल्यात डझनावारी मोती पिकवतात. आत बहुधा मणी न घालता दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचे बारीक तुकडेच घालतात, म्हणून सगळे मोती गोल निघत नाहीत. काही तांदळासारखे लांबट, काही एका बाजूने बसके. गोल मोती महाग, पण कुडीला बसका मोती उलट छान बसतो, आणि तो परवडतो. नथीत पूर्वी बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक, मोती असत. ते आता सामान्य घराच्या आवाक्यात नाहीत, पण गोड्या पाण्यातला चांगला मोती एखाद्या मुलीच्या लग्नात नक्की घेता येतो. दोन मोती एकमेकांवर घासून पाहायचे, खरे असतील तर खरखर लागते. आमच्या दुकानात प्लॅस्टिक, काच आणि गोडं पाणी अशा तीन वेगळ्या कप्प्यांत मोती असतात, आणि पुडीवर तसं लिहिलेलं असतं. यात तडजोड नाही.

ऑर्डर देताना साधारण 30 टक्के इसार. माल तयार झाला की आमच्या तिथल्या एजंटच्या गोदामात येतो, तो खोकी उघडून तपासतो, आणि चीनमधल्या निंगबो बंदरातून आपल्या न्हावा-शेवा बंदराला. पूर्ण कंटेनर आम्हाला झेपत नाही, त्यामुळे इतरांच्या मालासोबत येतो. भाडं घनमीटरवर. 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरची दहा खोकी म्हणजे जवळपास एक घनमीटर. मोती जागा कमी खातात, ही आमची जमेची बाजू. मग सीमाशुल्क, त्या शुल्कावर 10 टक्के सामाजिक कल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. आयजीएसटीची वजावट पुढे मिळते, पण पैसे आधी गुंतवावे लागतात. छोट्या दुकानाची खरी ओढाताण तिथे होते. उरण रस्त्याने टेम्पो ठाण्यात येईपर्यंत जीव टांगणीला.

यिवूत माल किलोवर, खोक्यावर मिळतो. आमच्या ताईंना लागतात 50 ग्रॅम. माझी जाऊ आणि दुकानातल्या दोघी मुली बसून पुड्या बांधतात, प्रत्येक पुडीवर लॉट नंबर. पुडी फोनवर वाचून दाखवली की त्याच लॉटचे मोती बाजूला काढून ठेवता येतात. प्रत्येक लॉटमधला थोडा भाग आम्ही विकतच नाही, राहिलेले सर पुरे करायला तो हाताशी लागतो.

तार मात्र इथलीच घेतो, आणि खडे जयपूरचे. चीनमध्ये स्वस्त मिळालं म्हणून सगळंच तिथून आणायचं, हे मला पटत नाही.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला, कारखाने बंद असतात. म्हणून गौरी-गणपतीच्या दागिन्यांची ऑर्डर आम्ही गुढीपाडव्याच्या आसपास पक्की करतो. ज्यांना गौरीच्या नथीसाठी मोठ्या भोकाचे मोती हवे असतील त्यांनी होळीपर्यंत आकार आणि अंदाजे वजन कळवावं. सोबत आपली तार आणलीत तर उत्तमच, समोरच घालून पाहू.