उसाची ट्रॉली आणि पो-२

काल रात्री विश्रामबागच्या घरी, युद्धविमानांच्या सिम्युलेटरमध्ये, १९२८ चे सोव्हिएत द्विपंखी पो-२ मी अलगद धावपट्टीवर टेकवले आणि वेग जवळजवळ संपलेला असताना ते गर्रकन फिरून डाव्या पंखावर कलंडले.

कित्येक हंगाम उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर नेलेले आबा मागे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ट्रॉली रिव्हर्स घेताना असंच होतंय बघ. वळल्यावर सावरून काय उपयोग? आधीच थोडं थोडं सावरायचं."

मी थक्क झालो. या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे असल्यामुळे नाक जरासे वळले की मागचे वजन तो वळसा वाढवतच नेते; त्यात चाकांना ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी नुसता घसरता टेकू आहे आणि वेग उतरला की सुकाणूला पुरेसा वारा लागत नाही. ५८८ व्या रेजिमेंटच्या, म्हणजे रात्री बॉम्बफेक करणाऱ्या सोव्हिएत महिलांच्या तुकडीच्या, तरुणी दुसऱ्या महायुद्धात हेच विमान अंधारात, एकेका रात्री अनेकदा उतरवीत असत, हे आठवून मन भरून आले.

आज पहाटे पाय सुकाणूच्या पेडलांवर सतत हलते ठेवले, तेव्हा विमान सरळ थांबले. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मित्रांनो, हे वजन तुम्हाला नेमके कुठे जाणवते?