एक्सेलमध्ये रोची उंची मजकुराप्रमाणे आपोआप बसवताना: माझा अनुभव

आमच्या सोसायटीत रहिवाशांच्या तक्रारींची नोंद एक्सेलमध्ये ठेवतात. अनुक्रमांक, फ्लॅट नंबर, तक्रार, केलेली कारवाई, शेरा असे साधेच कॉलम. वार्षिक सभेआधी त्याची प्रिंट नोटीस बोर्डावर लावायचं काम माझ्याकडे आलं. फाइल उघडली तर बऱ्याच तक्रारींची पहिली ओळ तेवढी दिसत होती, बाकी मजकूर सेलमध्ये दडलेला. लोक तक्रार पोटतिडकीने लिहितात. ती बोर्डावर अर्धवट दिसली तर समितीनेच कापली असं वाटणार. त्यामुळे शब्द न् शब्द दिसलाच पाहिजे, हे मी आधीच ठरवलं.

शीटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण दाबून सगळं सिलेक्ट केलं, होम टॅबवर रॅप टेक्स्ट (लांब मजकूर सेलच्या रुंदीत मोडून खालच्या ओळींवर नेणारी सोय) दिलं आणि डावीकडच्या दोन रो नंबरांमधल्या रेषेवर डबल क्लिक केलं. कीबोर्डवरून हेच करायचं तर ऑल्ट, मग एकामागून एक एच, ओ, ए. बहुतेक रो झटक्यात मजकुराएवढ्या झाल्या.

मुळात रॅप टेक्स्ट चालू असलं की टाइप करताना एक्सेल रो स्वतःहून वाढवतं. पण कुणी एकदा ती रेषा माउसने ओढली, की तीच उंची पक्की होते. मग कितीही लिहा, रो जागची हलत नाही. मराठीत हे फार जाचतं. १५ पॉइंट उंचीवर अडकलेल्या रोमध्ये आधी बळी जातात ते उकार; आमच्या यादीतल्या ‘दुरुस्ती’मधल्या ‘दु’चा उकार तळाशी छाटला गेला होता. वरचं डबल क्लिक ही अडवणूक काढून टाकतं.

तरी काही रो ढिम्म राहिल्या. तिथे ‘कारवाई’ आणि ‘शेरा’चे सेल मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले होते, आणि मर्ज सेलसाठी एक्सेल उंची आपोआप बसवत नाही. मी सरळ अनमर्ज केलं आणि ‘कारवाई’चा कॉलम रुंद केला. माझं स्पष्ट मत आहे, की यादीत मर्ज वापरूच नये. वरचं शीर्षक मधोमध हवं असेल तर कंट्रोल आणि १ दाबून अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ मिळतं, तेवढं पुरतं.

गच्चीतून होणाऱ्या गळतीची नोंद मात्र कशालाच दाद देईना. सगळा इतिहास एकाच सेलमध्ये, ऑल्ट-एंटर मारत खाली खाली लिहिलेला. एक्सेलमध्ये रो ४०९ पॉइंटांपेक्षा उंच होतच नाही. इंचाला ७२ पॉइंट, म्हणजे जेमतेम साडेपाच इंचांच्या वर थोडी. त्या नोंदीच्या मी तारखेप्रमाणे वेगवेगळ्या रो केल्या. कंत्राटदार कधी येऊन गेला आणि पाणी पुन्हा कधी झिरपलं, हे आता कुणालाही सरळ वाचता येतं.

प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये पुन्हा काही तक्रारींची शेवटची ओळ गायब! पडद्यावर आणि कागदावर ओळी तंतोतंत एकाच जागी तुटत नाहीत. म्हणून उंची बसवून झाल्यावर तक्रारीचा कॉलम किंचित रुंद केला. रोची उंची तशीच राहते आणि खाली श्वास घ्यायला जागा मिळते.

प्रलंबित तक्रारींचं शीट फॉर्म्युल्याने भरतं. तिथे मजकूर बदलला तरी उंची आपसूक बदलत नाही, म्हणून प्रिंटआधी सगळं सिलेक्ट करून ऑल्ट, एच, ओ, ए करावंच लागतं. आणि शीटला पासवर्ड लावणार असाल तर प्रोटेक्ट करतानाच ‘फॉरमॅट रोज’वर टिक करून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला उंची बदलताच येणार नाही.